छातीतली चक्की

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सुंदर म्हटलं ते मोठ्या दवाखान्यात, बाहेरच्या रोग्यांच्या खोलीत, सदरा काढून स्टुलावर बसलो असताना. आणि तेही मला नव्हे, माझ्या छातीत वाजणाऱ्या कशाला तरी. गेलो होतो खोकल्यासाठी. आवक-जावकच्या टेबलावर बसून मला दर फेब्रुवारीत खोकला होतो आणि तो फायलींच्या धुळीचा असतो असं मी धरूनच चाललो होतो. तरुण डॉक्टरनं छातीला नळी टेकवली, ‘श्वास घ्या’ म्हणाला, आणि ‘सोडा’ म्हणायचं विसरला. मी आपला श्वास कोंडून बसलो. सरकारी नोकरीची सवय, सांगितल्याशिवाय काही सोडायचं नाही. तो उठून पलीकडच्या खोलीत गेला आणि एका पिकल्या केसांच्या, बुटक्या, गोऱ्या गृहस्थांना घेऊन आला. ते वझलवार सर, तिथले प्रोफेसर, हे मला नंतर कळलं. त्यांनी गळ्याजवळ, डाव्या हसळीच्या हाडाखाली नळी ठेवली, डोळे मिटले, आणि मैफलीत बसल्यासारखी मान हलवली. “सुंदर,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “चौदा नंबरला भरती करा यांना. मुलांना ऐकवलं पाहिजे.” तेव्हा कुठे मी श्वास सोडला आणि खोकलो. खोकल्याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, की मी लक्षात न राहणारा माणूस आहे. कुरकुर करत नाही, आहे ते सांगतो. शाळेत मास्तर हजेरी घेताना माझ्या नावापाशी वर बघायचे आणि मी ‘हजर’ म्हटल्यावरही वर्गभर शोधत राहायचे. माझ्या लग्नाच्या फोटोत माझा अर्धा चेहरा सासऱ्यांच्या फेट्यामागे आहे. माझं नाव मुकुंद, पण ऑफिसात साहेब मला देशकर म्हणतात. देशकर बदलून वर्ध्याला गेला त्यालाही जमाना झाला, पण मी ओ देतो, कारण दुरुस्त करायला गेलं की ते जास्त वेळ बघतात आणि मग मला घाम येतो. घरी सुमती आहे. सुमती माझी बायको, हिंगणघाटची, कमी बोलणारी, कामाला चलाख. तिच्याही बाबतीत मी असंच धरून चाललो होतो की आमचं ठीक चाललंय आणि त्यात बघण्यासारखं काही नाही. नागपुरात सीताबर्डीला दोन खोल्या, संध्याकाळी व्हेरायटी चौकापर्यंत एक चक्कर, रविवारी दुपारी जेवून झोप. एवढ्या वर्षांत माझ्या छातीत कुणी डोकावून बघेल आणि मान हलवेल, ही कल्पना कुठून येणार होती.

चौदा नंबरचा वॉर्ड म्हणजे लांबलचक खोली, उंच छत, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा आणि मधून जाणारा रस्ता. त्या रस्त्यानं रोज सकाळी वझलवार सर यायचे, त्यांच्या मागे लेक्चरर, त्याच्या मागे रजिस्ट्रार, मग हाउसमन, मग सिस्टर, आणि शेवटी पांढऱ्या कोटातल्या पोरांचा आणि दोन-तीन पोरींचा घोळका. आमच्या ऑफिसातही अशी उतरंड आहे, पण तिथे वरचा माणूस खालच्याला काही शिकवत नाही, फक्त पाठवतो. इथे एक म्हातारा माणूस दुसऱ्याच्या पोटावर हात ठेवायचा आणि मग बारा जण आळीपाळीनं त्याच जागी हात ठेवायचे. छिंदवाड्यापासून चंद्रपूरपर्यंतचे रोगी इथे गाठोडं घेऊन यायचे, आणि बरे होता होता नकळत कुणाला तरी डॉक्टर करून जायचे. माझ्या खाटेशी आले की सर खुशीत येत. ते पोरांना इंग्रजीत सांगत आणि मला मराठीत. जन्माच्या आधी प्रत्येकाच्या हृदयापाशी एक लहानशी नळी उघडी असते. मूल बाहेर येऊन मोठ्यानं रडतं, छातीत वारा भरतो, आणि ती नळी मिटायला लागते. माझी मिटली नव्हती. तीस वर्षं तिच्यातून रक्त उलटं धावत होतं आणि त्याचा आवाज होत होता, थांबा नाही की विसावा नाही. हे ऐकताना मला आईची आठवण झाली. आई सांगायची की मी जन्मलो तेव्हा नीट रडलोच नाही. सुईणीनं पाठ थोपटली, पाणी शिंपडलं, तेव्हा कुठे एकदा कुरकुरलो. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच मी कुणाला त्रास नको या मताचा. सरांना हे सांगितलं तर ते हसले. त्याचा याच्याशी संबंध नाही म्हणाले, पण मला तो पटला होता.

पोरं रांगेनं यायची. कुणाची नळी बर्फासारखी गार, कुणी तळहातावर घासून ऊन करून लावायचं. मी दोन दिवसांत तयार झालो. चेहऱ्यावरून मला कळायचं की कुणाला ऐकू आलं आणि कोण उगाच मान हलवतंय. ज्याला खरंच ऐकू यायचं त्याचे डोळे आधी स्थिर व्हायचे आणि मग हळूच मोठे व्हायचे. त्या क्षणी तो माझ्याकडे बघायचा. असं कुणी बघितलं की मला आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं. मी सदऱ्याची बटणं आधीच काढून ठेवायला लागलो, दाढी रोज करायला लागलो. एका सकाळी पावसाळी हवेमुळे राउंड उशिरा आला तर मी चक्क अस्वस्थ झालो, ऑफिसात टपाल उशिरा आल्यावर कधी झालो नव्हतो तेवढा.

शेजारच्या खाटेवर चंपतराव होते, पारशिवनीकडचे. त्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट बेंबीपर्यंत टणक झालं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. दर परीक्षेला दवाखाना त्यांना कार्ड टाकून बोलावून घ्यायचा. डॉक्टरीच्या शेवटच्या परीक्षेला असे पाहण्याजोगे रोगी लागतात. पोरानं रोगी तपासायचा आणि परगावच्या परीक्षकापुढे काय झालंय ते सांगायचं. चंपतरावांनी मला पहिल्याच दिवशी नियम शिकवले.

“हे पाहा भौ, पोट्टे लाडीगोडी लावतीन. काका, तुमाले डॉक्टरनं काय सांगतलं म्हणून इचारतीन. आपण गप राहाचं. आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगाचं नाही. थे त्यायनं हुडकाचं.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तं पुढच्या परीक्षेले भेटते ना गा थो. माह्यावर नापास झालेले दोघंतिघं आता मोठे डॉक्टर आहेत. नमस्कार करतात.”

त्यांनी एकदा हाउसमनची नळी मागून माझा आवाज ऐकला. बराच वेळ ऐकला. मग म्हणाले, “आटाचक्की चालून राहिली ना गा आतमंदी. गहू संपून राहिले, पन बंद काही होऊन नाही राहिली.” त्या दिवसापासून वॉर्डात मी चक्कीवाला झालो. देशकरपेक्षा ते कितीतरी बरं होतं.

सर एकदा म्हणाले होते की उपाय आहे. सर्जरीचे लोक डाव्या कुशीतून आत शिरतात, नळीला गाठ मारतात, संपलं. न केलं तर आज काही होणार नाही, पण चाळिशीच्या पुढे हृदय थकेल, पाय सुजतील, मग हातात काही राहत नाही. “आणि आवाज?” मी विचारलं. “आवाज जाईल. तेच तर करायचंय,” सर म्हणाले, आणि परीक्षेपर्यंत थांबा, घाई नाही, असंही म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. थांबायला मी एका पायावर तयार होतो. मनात तर त्याच्याही पुढचं चाललं होतं: एप्रिलची परीक्षा झाली की ऑक्टोबरची असते, आणि चंपतरावांसारखं मलाही कार्ड येईल, साहेबांच्या टेबलावर ते पडेल, ते विचारतील, कोण हा मुकुंद? ऑपरेशनची भीती होतीच, कापाकापीची कुणाला नसते. पण खरं सांगायचं तर मरणाची भीती थोडी आणि परत देशकर होण्याची जास्त, असं ते प्रमाण होतं. हे मी सुमतीला सांगितलं नाही. डॉक्टर घाई नाही म्हणाले, एवढंच सांगितलं.

सुमती रोज डबा घेऊन यायची आणि राउंड असला तर बाहेर व्हरांड्यात थांबायची. त्या दिवशी ती जरा आधी आली आणि सर खुशीत होते. त्यांनी तिला आत बोलावलं. “या, या. सगळं गाव ऐकून गेलं, तुम्हीच राहिलात,” म्हणत त्यांनी आपली नळी तिच्या हातात दिली, कानात कशी घालायची ते दाखवलं आणि दुसरं टोक माझ्या छातीवर धरलं. सुमतीनं पदर सावरला. ऐकलं. तिचे डोळे मोठे झाले नाहीत, काहीच झालं नाही. दुधाला विरजण लागलंय का बघावं तसं तिनं ऐकलं आणि नळी परत दिली.

“हो, हाच,” ती म्हणाली.

“हाच म्हणजे?” सरांनी विचारलं.

“रोजचा. नळीत जरा मोठा येतो.”

सर तिच्याकडे बघतच राहिले. “तुम्हाला हा ऐकू येतो? नळीशिवाय?”

आपण काय बोलून बसलो ते सुमतीला तेव्हा उमगलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बारा पोरं एकदम छताकडे बघायला लागली, जसं काही तिथे परीक्षेचा पेपर चिकटवला होता.

“लग्न झाल्यापासून येतो,” ती खाली मान घालून, पण स्पष्ट म्हणाली. “मला वाटलं असतोच तो सगळ्यांच्या.”

“सगळ्यांच्या?”

“पुरुषांच्या.”

मग चंपतराव पाणथरीवर दोन्ही हात ठेवून हसायला लागले. हसताना दुखायचं त्यांना, तरी हसत होते. “बरोबर आहे ना गा बाईचं. तिनं काय गावभर कान लावून पाहाचं का?” सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बाई,” ते म्हणाले, “निदान पहिलं तुमचंच. चुकलं एवढंच की ताडून बघायला तुम्ही दुसरा रोगी तपासला नाहीत.” आणि हे बोलून गेल्यावर त्यांचे स्वतःचेच कान लाल झाले, आणि सगळा घोळका घाईघाईनं पुढच्या खाटेकडे सरकला. एक चष्मेवाली मुलगी तेवढी मागे रेंगाळली. ती सुमतीकडे बघत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

आम्ही बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. तिथे रोग्यांचे नातेवाईक तीन दगडांवर भात टाकून बसलेले असतात, धुराचा आणि फिनेलचा मिळून एक वास येतो. मला डबा गोड लागेना. एवढी वर्षं रोज रात्री आणि रविवारी दुपारीही सुमती माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपायची आणि मला वाटायचं की खोलीत दुसरी उशी नाही म्हणून ठेवते. ती ऐकत होती. जे मला स्वतःला कधी ऐकू आलं नाही, जे ऐकायला बारा जण रांग लावत होते आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं, ते ही रोज ऐकत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. मी विचारलं, “त्यानं तुझी झोप नाही मोडत?”

“त्यानंच तर लागते,” सुमती म्हणाली. मग पोळीचा तुकडा मोडत तिनं सांगितलं. हिंगणघाटला तिचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याला लागून होतं. लहानपणापासून ते यंत्र ऐकतच ती झोपायची. लग्न होऊन नागपूरला आली तर इथे सगळं शांत. आठवडाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि नव्या नवरीनं हे सांगायचं कुणाला. मग एका दुपारी माझ्या छातीवर डोकं टेकलं आणि आत जिनिंग सुरू. “मला वाटलं, बरं झालं बाई, प्रत्येक घरी ही सोय असते,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारची भात रांधणारी म्हातारी आमच्याकडे बघून हसायला लागली. हसणं ओसरल्यावर मी हळूच म्हटलं, “मग ऑपरेशन नकोच. नाही का? तुझी झोप जाईल.” मला वाटलं, किती सोयीचं कारण सापडलं.

सुमतीनं डबा बंद केला. “डॉक्टर तुम्हाला घाई नाही म्हणाले, पण व्हरांड्यात मला सिस्टरनं सगळं सांगितलंय. पायावर सूज येण्याचंही,” ती म्हणाली. “आवाज बंद पडायचा असेल तर पडू द्या. तुमच्यासकट बंद पडलेला मला चालणार नाही.” एवढं बोलून ती गेली, आणि पुढचे काही दिवस डबा आला, ती आली, पण बोलली नाही. मीही परीक्षेचं निमित्त करून गप्प राहिलो.

परीक्षेच्या दिवशी वॉर्डाला लग्नघराची कळा होती. चादरी नव्या, फरशी दोनदा पुसलेली, चंपतरावांनी डोक्याला तेल लावलेलं. माझ्या खाटेशी पडदा ओढला आणि आत आली ती तीच चष्मेवाली मुलगी. तिनं मला ओळखलं, मी तिला. पण नियम म्हणजे नियम, दोघंही पहिल्यांदा भेटल्यासारखे बोललो. नळी तिनं आधी छातीच्या खालच्या बाजूला लावली, मग आणखी बाजूला, आणि तिचा चेहरा पडायला लागला. इथे नाही, वर ये, वर ये, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो आणि छताकडे बघत होतो. ती वर आली. डोळे स्थिर झाले. मोठे झाले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्या गुदगुल्यांच्या जागी माझ्या मनात आलं की या नजरेनं माझ्याकडे बघणारी माणसं नळी काढली की पुढच्या खाटेकडे जातात. जी नळीशिवाय ऐकत होती ती कुठे जात नव्हती.

मग परगावचे परीक्षक आले, सर आले. प्रश्नोत्तरं इंग्रजीत झाली, पण आवक-जावकमध्ये सगळं इंग्रजीच येतं, मला कळत होतं. मुलीनं बिनचूक सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, उपाय काय? ऑपरेशन, ती म्हणाली, आणि लवकर, चाळिशीची वाट न बघता. “आणि रोगी नाही म्हणाला तर काय कराल?” मुलीनं परीक्षकांकडे बघितलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तर त्यांच्या बायकोला सांगीन, सर.” परीक्षकांना त्यातलं काही माहीत नव्हतं, तरी ते हसले. वझलवार सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

दुपारी मी चंपतरावांना म्हटलं, “ऑक्टोबरला मी नसेन बहुतेक.” वाटलं होतं ते रागावतील; पुढच्या परीक्षेला बरोबर येऊ असं आमचं ठरल्यासारखं होतं. ते बराच वेळ पोटावरून हात फिरवत राहिले. “माहं जाणारं नाही गा, भौ,” ते म्हणाले. “म्हणून मी त्याले मिरवतो. तुहं जाते तं जाऊ दे. कायले सांभाळून राहिला?” मी त्यांच्या पाणथरीवर हात ठेवला, जसा पोरं ठेवायची तसा, आणि त्यांनी ठेवू दिला. संध्याकाळी सुमती आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती माझ्या सदऱ्याची उघडी बटणं एकेक करून लावत बसली.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी तिथे असून नव्हतो, आणि या बाबतीत मला अनुभव आहे. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत आग होती आणि तोंडाला कोरड. काही दिवसांनी वझलवार सर मुद्दाम सर्जरीच्या वॉर्डात आले, त्याच जागी नळी ठेवली, डोळे मिटले. “काहीही नाही,” ते म्हणाले, आणि इतक्या आनंदानं म्हणाले की मला रडू आलं. मागून पोरं आली. एकेकानं ऐकलं, मान हलवली आणि पुढे गेला. रांग भराभर सरकली. कुणाचे डोळे मोठे झाले नाहीत. मी वाट बघत होतो की मला वाईट वाटेल, आणि थोडं वाटलंही. पण त्याच वेळी मी दाराकडेही बघत होतो, कारण डब्याची वेळ झाली होती.

घरी आलो तो मे महिना. दाराखिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर सुमतीनं मारलेलं पाणी, खोलीत ओला हिरवट अंधार. ऑफिसात रुजू व्हायला अजून अवकाश होता. जेवणं झाली. सुमतीनं आधी टाक्यांची बाजू बघितली, मग जपून उजव्या अंगानं डोकं टेकवलं. बराच वेळ ती हलली नाही. मीही हललो नाही, परीक्षेला बसल्यासारखा पडून राहिलो.

“काय ऐकू येतं?” मी विचारलं.

“ठोके. सगळ्यांसारखे असतील.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “चांगलं आहे की.” आणखी थोड्या वेळानं कूस बदलली. मग परत बदलली. बाहेर रस्त्यावर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. तिचे डोळे टक्क उघडे होते आणि ते वाळ्याच्या पडद्याकडे लागले होते. मला तिची इतकी माया आली की काय करावं सुचेना. मी आयुष्यात गायलो नाही, शाळेच्या प्रार्थनेतही नुसते ओठ हलवायचो. पण तोंड मिटलं आणि छातीतल्या छातीत एक लांब, सपाट हुंकार धरला. टाके ओढले गेले. तिनं मान उचलून बघितलं, मग पुन्हा टेकवली.

“एवढा वर नव्हता,” ती म्हणाली. “जरा खाली घ्या.”

मी खाली घेतला.

“हं. आता श्वास घेताना तोडू नका.”

ते काही मला जमेना. आतली चक्की श्वासासाठी थांबत नसे, मला थांबावं लागत होतं. पण हळूहळू सूर लागला, आणि तीस वर्षं जे माझ्यात वाजत होतं आणि फक्त बाकीच्यांनी ऐकलं ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. अगदी तसं नसेल, पण माझंच. सुमतीचा श्वास संथ झाला. तिचा हात माझ्या पोटावर सैल पडला. झोपली असं वाटून मी थांबलो, घसाही दुखायला लागला होता.

तिनं डोळे न उघडताच माझ्या बरगडीवर बोट आपटलं. “बंद का पडलं?”

मी पुन्हा सुरू केलं.